आधी वसतिगृह, मग महाविद्यालय

माझ्या भाच्याने ती खोली पावलांनी मोजली. शेतकऱ्याला टेप लागत नाही. टाचेला अंगठा लावत तो एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत गेला, मग आडवा गेला, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला, “आत्या, बारा बाय चौदा. आणि पोरी चार.” एवढंच बोलून तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिडकीतून एक मंगल कार्यालय दिसत होतं, त्याच्या पलीकडे हायवे. हॉस्पिटल दिसत नव्हतं. ते तिथून सहा किलोमीटरवर होतं.

ही गोष्ट २०२४ च्या ऑक्टोबरातली. माझा चुलतभाऊ गावाकडे शेती करतो. त्याच्या मुलाची ही मुलगी. मला ती ‘आत्याआजी’ म्हणते. एक वर्ष घरी बसून, दुसऱ्यांदा ‘नीट’ देऊन तिने एमबीबीएसची जागा मिळवली. पेढे वाटून झाले, शाळेत सत्कार झाला, चौकात फ्लेक्स लागला आणि मग कॉलेजचं पत्र आलं. कॉलेज नवं. पत्रात शेवटून दुसरी ओळ अशी होती, की वसतिगृहाचं बांधकाम व्हायचं असल्याने मुलींची सोय तूर्त गावातल्या एका भाड्याच्या इमारतीत केली आहे.

भाच्याने ती ओळ मला फोनवर तीनदा वाचून दाखवली. “आत्या, तुम्ही इतकी वर्षं मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर होतात. एकदा माझ्याबरोबर येऊन बघा. तुम्ही हो म्हणालात तर पाठवतो, नाहीतर...” ‘नाहीतर’च्या पुढे तो काही बोलला नाही. तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी.ला तिचा प्रवेश आधीच घेऊन ठेवलाय, हे मला मागाहून तिच्या आईकडून कळलं.

त्याला दोष कसा द्यावा? दोनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजची ती बातमी घराघरांत पोचली होती. रात्रीच्या ड्यूटीत जरा पाठ टेकावी म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेलेली तरुण डॉक्टर सकाळी जिवंत नव्हती. सुप्रीम कोर्टाने त्या प्रकरणाची आपणहून दखल घेतली आणि २० ऑगस्टच्या आदेशात एक राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच आदेशात कोर्टाने देशभरातल्या रुग्णालयांची दुखणी मांडली. रात्रपाळीच्या डॉक्टरांना विश्रांतीची पुरेशी जागा नाही, ड्यूटीच्या खोल्या पुरेशा नाहीत, राहण्याची जागा रुग्णालयापासून लांब आणि जायला-यायला वाहन नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जे लिहिलं, तेच माझा भाचा पावलांनी मोजत होता.

खाटेखालची हाडं

मी स्वतः तालुक्याच्या गावातून शिकायला आलेली. १९६८ साली वडील मला होस्टेलवर सोडायला आले, तेव्हा आमच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक होल्डॉल आणि आईने दिलेला लाडवांचा डबा होता. वर्गात आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. होस्टेलच्या दगडी जिन्यावरून वडील खाली उतरताना मी वरून बघत होते. ते मागे वळून एवढंच म्हणाले, “हॉस्पिटल समोरच आहे, ते बरं आहे.” ते किती बरं होतं, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही, त्यांना वाटेल की इंजिनिअरिंगच्या मुलाचं होस्टेल काय आणि मेडिकलच्या मुलीचं काय, झोपायला खाट आणि जेवायला मेस मिळाली की झालं. तसं नाही. मेडिकलचं निम्मं शिक्षण वर्गाबाहेर होतं, आणि त्यातलं बरंच होस्टेलात. पहिल्या वर्षी शवविच्छेदन. त्या फॉर्मॅलिनचा वास हाताला असा चिकटतो की पहिले आठ दिवस जेवणावरची वासनाच उडते. अशा वेळी शेजारच्या खोलीतली सीनियर येते, आपल्या ताटातलं लिंबू आपल्या हातावर चोळते आणि म्हणते, “माझंही असंच झालं होतं, जेव आता.” हे कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. हाडांची पेटी सीनियरकडून ज्युनियरकडे जाते. रात्री अकरा वाजता व्हरांड्यात दोघी एकमेकींची तोंडी परीक्षा घेत असतात. आमच्या वेळी तर खाटेखाली एकीकडे लाडवांचा डबा आणि दुसरीकडे मांडीचं हाड असा संसार असे.

दुसऱ्या वर्षापासून वॉर्ड सुरू होतो. सकाळी सर राउंडला असतात, रुग्णाभोवती गर्दी असते, विद्यार्थ्याला पुढे जाताच येत नाही. खरं शिकायचं ते संध्याकाळी. रुग्णाचं जेवण झालेलं असतं, नातेवाईक टेकलेले असतात, आजीबाईंना कुणीतरी बोलायला हवं असतं. तेव्हा वहीपेन घेऊन बसायचं, त्यांची दुखणी ऐकायची, पोटाला हात लावून यकृत लागतं का बघायचं. प्रसूतीच्या वॉर्डात तर घड्याळाला काही अर्थच नाही. बाळ काही ड्यूटी चार्ट बघून जन्माला येत नाही.

आणि एक गोष्ट, जी रेक्टर म्हणून अकरा वर्षांत मी पुन्हा पुन्हा पाहिली. डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक मुलीच्या वाट्याला तो एक दिवस येतो, जेव्हा तिच्या समोर पहिला माणूस मरतो. वॉर्डात ती रडत नाही. तिथे रडायचं नसतं. ती होस्टेलवर येते, दार लावते आणि मग रडते. त्या दाराच्या बाहेर कुणीतरी तिच्यासारखीच असावी लागते. भाड्याच्या इमारतीत, जिथे खालच्या मजल्यावर टायरचं दुकान आहे आणि रात्री नऊला शटर पडतं, तिथेही ती रडेल. पण तिला समजून घेणारी सीनियर तिथे नसेल. कारण सीनियर तिसऱ्याच गल्लीतल्या तिसऱ्याच इमारतीत राहते.

‘टप्पा दोन’

खोली बघून झाल्यावर आम्ही कॉलेजच्या अधिष्ठात्यांना भेटलो. माणूस सज्जन आणि थकलेला. दोन मोबाइल, तीन फायली आणि दारात रांग. त्यांच्या मागच्या भिंतीवर नव्या संकुलाचं मोठं रंगीत चित्र होतं. मधोमध रुग्णालय, डावीकडे महाविद्यालय, पुढे कारंजं, बाजूला प्रेक्षागृह. अगदी कोपऱ्यात, झाडांच्या पलीकडे, फिकट पिवळ्या रंगातले चार चौकोन. त्यावर बारीक अक्षरात ‘टप्पा दोन’. भाच्याने चष्मा वर करून ते वाचलं आणि विचारलं, “साहेब, टप्पा दोन म्हणजे कधी?”

अधिष्ठाते माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, तुम्ही या क्षेत्रातल्या आहात, तुम्हाला काय सांगू? मान्यतेसाठी आधी खाटा लागतात, प्राध्यापक लागतात, प्रयोगशाळा लागते. निधी आला की तो तिकडे जातो. राहायचं काय, ते भाड्याने भागवता येतं.”

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. आणि अडचण नेमकी तिथेच आहे. रुग्णालय भाड्याने आणता येत नाही, म्हणून ते आधी. वसतिगृह भाड्याने ‘भागवता’ येतं, म्हणून ते शेवटी.

कागदावर नियम नाहीत असं मुळीच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग २०२० मध्ये आला. त्याआधीच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या निकषांत लिहिलेलं होतं, की संकुलातच निदान ७५ टक्के विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय हवी, एका खोलीत तिघांपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकाला किमान ९ चौरस मीटर जागा हवी. प्रत्येकाची स्वतंत्र खाट, टेबल, खुर्ची, कपाट. ९ चौरस मीटर म्हणजे साधारण ९७ चौरस फूट. भाच्याच्या पावलांच्या हिशेबाने त्या खोलीत मुलीच्या वाट्याला ४२ येत होते. चौघींत मिळून टेबलं दोन.

आता थोडं गणित करू. गृहिणीला जमेल इतकं सोपं आहे, पण पुष्कळदा ते कुणी करतच नाही. नव्या कॉलेजला वर्षाला १०० जागा. पहिल्या वर्षी १०० मुलं आली, भाड्याची एक इमारत घेतली, भागलं. दुसऱ्या वर्षी आणखी १००. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे कॉलेज पुरतं भरेल तेव्हा साडेपाचशेच्या आसपास मुलं एका वेळी तिथे असणार. त्यांच्याखेरीज निवासी डॉक्टर आणि परिचारिका निराळ्या. वसतिगृहाची गरज दरवर्षी शंभर खाटांनी वाढते, आणि बांधकाम मात्र एकदम, ‘टप्पा दोन’मध्ये, कधीतरी. शिवाय जुन्या कॉलेजांचे नकाशे समोर ठेवून मुलग्यांच्या तीन इमारती आणि मुलींची एक असा आराखडा काढला, तर तो पहिल्याच वर्षी तोकडा पडतो. आज ज्या वर्गात जावं, तिथे निम्म्याच्या आसपास मुली दिसतात.

आणि हे काही एका कॉलेजपुरतं नाही, म्हणून त्या गावाचं नाव मी घेत नाही. महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलडाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. जिल्ह्याजिल्ह्यात डॉक्टर तयार व्हावेत, ही फार चांगली गोष्ट आहे. आमच्या पिढीला असं स्वप्नातही वाटलं नसतं. पण गडचिरोलीत किंवा वाशीमला कॉलेज निघतं, तेव्हा तिथे शिकायला येणारा विद्यार्थी राज्याच्या दुसऱ्या टोकाचाही असतो. त्याचा तिथे मामा नसतो, मावशी नसते. त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी लागतात, वर्ग आणि छप्पर. त्यातली एकच देऊन चालत नाही.

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपण रोज वाचतो. तो नुसता हुद्दा नाही. जो रुग्णालयाच्या आवारात निवास करतो, तो निवासी. केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत त्यांना साधारणपणे सलग बारा तासांपेक्षा अधिक आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम असू नये असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात काय होतं ते त्यांच्या आयांना विचारा. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत तर स्पष्टच आहे, की त्यांना योग्य निवास देणं कॉलेजला बंधनकारक आहे, तिथे राहणं मात्र विद्यार्थ्याच्या मर्जीवर. नियम चांगला आहे. पण मर्जी चालवायला आधी खोली असावी लागते.

जुनीच शिकवण

आधी राहण्याची सोय करा, शिक्षण आपोआप पोचेल, ही गोष्ट महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. कोल्हापुरात कॉलेज होतं, शाळा होत्या, पण खेड्यातला मुलगा तिथे टिकत नव्हता. कारण राहणार कुठे आणि खाणार काय? छत्रपती शाहू महाराजांनी हे ओळखलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग एकामागून एक वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं, तेही याच न्यायाने. या माणसांनी शिक्षणाचा विचार फळ्यापासून सुरू केला नाही. त्यांनी तो मुलाच्या पोटापासून आणि पाठीपासून सुरू केला.

सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहायला पाठवतात. पुढे प्रत्येक तुकडी एक खेडं दत्तक घेते आणि तिथेही मुक्काम करते. तिथल्या मुलांना विचारा, वर्गातलं पुष्कळ विसरलेलं असतं, तो मुक्काम विसरलेला नसतो. राहणं हेच तिथे शिकणं आहे.

आणि राहण्याची सोय नसली की काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. कॉलेजकडून मिळालेल्या खोलीत धड शेकोटी नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवावी तर कडाक्याची थंडी. नऊवारीतली अठरा वर्षांची मुलगी धूर की गारठा यांतून रोज एक निवडत होती. ११ मार्च १८८६ ला तिने पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने ती गेली. त्या खोलीनेच तिचा बळी घेतला असं मी म्हणणार नाही. डॉक्टर आहे, पुराव्यावाचून निदान करू नये. पण तिच्यावर आपण नाटकं केली, सिनेमे केले, तिच्या जिद्दीला हार घातले. त्या खोलीची आठवण मात्र नवं कॉलेज बांधताना कुणालाच होत नाही.

मला कुणी त्या रंगीत चित्रापुढे पेन्सिल घेऊन उभं केलं तर मी काय करीन? पहिली गोष्ट, ते चार पिवळे चौकोन कोपऱ्यातून उचलून रुग्णालयाच्या शेजारी आणीन, मधला रस्ता झाकलेला आणि दिव्यांचा ठेवीन. वॉर्डातून खोलीपर्यंत पायी पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुसरी गोष्ट, ‘टप्पा दोन’ खोडून ‘टप्पा एक’ लिहीन. पहिल्या तुकडीचे शंभर दाखल होण्याआधी शंभर खाटा, आणि दरवर्षी पुढची शंभर. कारंजं टप्पा दोनमध्ये खुशाल जावं. तिसरी गोष्ट, मेस रात्री उशिरापर्यंत उघडी. लेबर रूममधून बारा वाजता आलेल्या मुलीला गरम वरणभात मिळाला पाहिजे. चौथी, पाणी. पाणी नसलेल्या होस्टेलात मुलींचे जे हाल होतात, ते रेक्टरलाच ठाऊक. आणि पाचवी, रेक्टरचं घर त्याच आवारात. रात्री दोन वाजता दार वाजवता येईल असं.

यातलं काहीही चैनीचं नाही. पैसे लागतात हे खरं. पण भाडं, रोजच्या बसचं डिझेल आणि सोडून गेलेल्या मुलांच्या वाया गेलेल्या जागा, हेही पैसेच आहेत. ते फक्त वेगळ्या वहीत लिहिले जातात.

दीड वाजता

त्या दिवशी आम्ही एस.टी.ने परत आलो. भाचा खिडकीशी बसून गप्प होता. मीही गप्प होते. रेक्टर म्हणून विचारलं असतं तर माझं उत्तर ‘नाही’ असंच होतं. पण ‘नाही’ म्हटलं तर शिक्षा कुणाला? ज्यांनी वसतिगृह बांधलं नाही त्यांना नाही, तिलाच.

शेवटी तीच बोलली. “बाबा, चौघी आहोत ना खोलीत. म्हणजे एकटी तर नाही.” भाच्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, “जाऊ दे तिला. पण मी दर रविवारी फोन करीन, आणि काही खुपलं तर लपवायचं नाही.” दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा एकटाच तिथे गेला. इमारतीखालच्या रिक्षा स्टँडवरच्या एका वयस्क रिक्षावाल्याशी बोलून, त्याचा नंबर मुलीला देऊन आला. बापाच्या हातात तेवढंच होतं, ते त्याने केलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. टप्पा दोनचे खांब उभे राहिलेत म्हणे. अभ्यासात हुशार आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत, पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो. मध्यंतरी एका रविवारी फोनवर तिचा आवाज उतरलेला वाटला. मी खोदून विचारलं.

म्हणाली, “आजी, प्रसूतीच्या वॉर्डात पोस्टिंग लागलंय. एका बाईंजवळ मी दुपारपासून बसले होते. त्यांचा हात धरून. पहिलटकरीण होत्या, घाबरल्या होत्या. मला म्हणाल्या, बाळ होईपर्यंत थांबशील ना? मी हो म्हटलं. पण साडेनऊची शेवटची बस होती.” जरा थांबून ती म्हणाली, “बाळ रात्री दीडला झालं. मुलगी झाली. मला सकाळी कळलं.”

मी काय बोलणार? एवढंच म्हटलं, “पुढच्या वेळी मिळेल बघायला.” ते मिळेलही. तिच्या हातून पुढे शेकडो बाळं जन्माला येतील. पण त्या बाईला तिने शब्द दिला होता, डॉक्टर म्हणून दिलेला तिचा पहिला शब्द, आणि तो सहा किलोमीटरने मोडला.